फर्मा म्हणजे नेमकं काय? प्रेसवाला २०४ पानांना नाही का म्हणतो?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की मडगावच्या प्रेसच्या कोटेशनमध्ये ‘साडेबारा फर्मे’ असं आहे, चार पानं वाढवायची म्हटल्यावर प्रेसवाला कुरकुरतोय आणि ही लुबाडणूक तर नाही ना अशी तुम्हाला शंका आहे. लुबाडणूक नाही. तुम्हाला त्याने नीट समजावून सांगितलं नाही, एवढंच.

एका कागदावर दोन्ही बाजूंनी छापून, घड्या घालून जो पानांचा जुडगा होतो तो फर्मा. डेमी १/८ ह्या पुस्तकाच्या आकारात १८ × २३ इंची (डेमी) कागदाला तीन घड्या पडतात, आठ पत्रं होतात, पत्राच्या दोन बाजू म्हणजे दोन पानं, म्हणजे १६ पानं. साडेबारा फर्मे म्हणजे बारा सोळे १९२ आणि वर आठ, एकूण २०० पानं. कागद बहुधा २३ × ३६ चा डबल डेमी घेतात, त्याच्या अर्ध्यात एक फर्मा बसतो. म्हणून हजार प्रतींना एका फर्म्यामागे ५०० ताव, म्हणजे बरोबर एक रीम लागतो. ७० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) असा रीम साधारण १८.७ किलो भरतो. वाया जाणारा कागद वर धरायचा.

आता तुमची चार पानं. पूर्ण फर्म्याला एका रंगात दोन प्लेटी, म्हणजे छपाईचे पत्रे, लागतात. अर्ध्याला एकच, कारण तीच प्लेट कागद उलटवून मागच्या बाजूला छापतात आणि मधून कापून दोन प्रती काढतात. २०० पानांना २५ प्लेटी झाल्या. २०४ केलीत तर पाव फर्म्याची वेगळी प्लेट, म्हणजे २६. आणि २०८ केलीत तर सरळ तेरा फर्मे, तेव्हाही २६च! उलट २०४ मध्ये जुडगे चौदा होतात, म्हणजे एक घडी जास्त, गॅदरिंगला, म्हणजे जुडगे क्रमाने रचायला, एक ढीग जास्त, शिलाईला एक फेरा जास्त. २०८ मध्ये जास्त जातो तो फक्त पाव रीम कागद. त्यामुळे एक तर चार पानं कापा, नाही तर आणखी चार भरा. मधे लटकू नका. लटकायचंच असेल तर तो चार पानांचा जुडगा पुस्तकाच्या अगदी शेवटी घेऊ देऊ नका. टोकाला एवढासा जुडगा दोऱ्यात धरत नाही, सुटतो. शेवटून दुसरा घ्यायला सांगा.

जुन्या मराठी पुस्तकांत १७, ३३, ४९ अशा पानांच्या तळाशी पुस्तकाचं आद्याक्षर आणि एक बारीक आकडा दिसतो, तो फर्म्याचा क्रमांक. १७ वर २, ३३ वर ३, ४९ वर ४. हल्लीचे डिझायनर तो काढून टाकतात, ‘पान घाण दिसतं’ म्हणतात. ह्यावर माझा त्यांच्याशी कायमचा वाद आहे आणि एका देवस्थानच्या स्मरणिकेवर काय ओढवलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

स्मरणिका मोठी, जत्रेच्या तोंडावर काढायची. डिझायनरने तळाचे आकडे उडवले आणि पाठीच्या घडीवरच्या काळ्या खुणाही उडवल्या. ह्या खुणा फर्म्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पानांच्या मधल्या घडीवर छापतात. प्रत्येक फर्म्याला खूण आधीच्यापेक्षा थोडी खाली, साधारण पाच मिलीमीटर. सगळे फर्मे रचून पाठीकडून पाहिलं की जिना उतरल्यासारखी तिरपी रेघ दिसते. एक पायरी नसली तर फर्मा गेला, दोन खुणा एका उंचीवर आल्या तर तोच फर्मा दोनदा आला. बाइंडरला एक अक्षरही वाचावं लागत नाही. आता स्मरणिकेत जाहिरातीच्या पानांवर पृष्ठांक नसतो. इथे पान ९७ आणि पान ११३, म्हणजे सातव्या आणि आठव्या फर्म्याची दर्शनी पानं, दोन्हींवर एकाच जाहिरातदाराची पूर्ण पान जाहिरात. टेबलावर दोन्ही ढीग सारखेच दिसणार. सातव्याचा एक गठ्ठा आठव्याच्या ढिगावर गेला. शेवटी सातवा कमी पडला आणि आठव्याचा गठ्ठा उरला, तेव्हा उलगडा झाला. तोवर कित्येक प्रती कापून तयार होत्या, त्यांत ९७ ते ११२ दोनदा आणि ११३ ते १२८ गायब. देणगीदारांची यादी त्या गायब पानांत!

शिलाईची बांधणी होती म्हणून निभावलं. कव्हर सोडवून, दोरा काढून, उरलेले आठवे फर्मे कापलेल्या मापाला वेगळे छाटून बसवले. नुसत्या गोंदाची बांधणी असती तर फर्म्याच्या घड्या आधीच तासून गेलेल्या असतात, त्या प्रती रद्दीतच घालाव्या लागल्या असत्या. पाठीवरची खूण बांधणी झाल्यावर दिसतही नाही, मग ती काढून सौंदर्य कसलं वाढलं?

आपल्या गोव्यात १५५६ साली जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात छापखाना आला. त्या काळच्या युरोपीय छपाईत फर्म्यांना अक्षरं देत, २३ अक्षरी लॅटिन वर्णमालेतून, जे, यू, डब्ल्यू वगळून. पृष्ठांक चुकले तरी बाइंडर त्या अक्षरांवर पुस्तक बिनचूक जुळवायचा. एवढी जुनी सोय ‘घाण’ म्हणून फेकू नये.

तुम्ही प्रेसमध्ये जाल तेव्हा छपाईआधी एका फर्म्याची कोरी डमी घडी घालून मागा आणि पानांचे आकडे स्वतः पेन्सिलने टाका. उघडल्यावर एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ यायला हवेत आणि पाठीच्या घडीवर जोडून येणाऱ्या दोन पानांची बेरीज दर वेळी १७. दुसऱ्या फर्म्यात ४९. बेरीज चुकली तर मांडणी चुकली, प्लेट काढायच्या आत थांबवा. कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पाठीला समांतर आहे ना तेही विचारा. आडवा असेल तर आपल्या पावसाळ्यात पानं लाटांसारखी वाकतात आणि पाठ ताणून फुटते.

हे सगळं शीटफेड ऑफसेट, म्हणजे सुटे ताव घालून प्लेटींवरून छापणारं मशीन, आणि डेमी धरून सांगितलं. डिजिटलवर शंभरेक प्रती काढणार असाल तर पानं सुटीच छापली जातात, तिथे २०४ ला कोणी हरकत घेणार नाही. १३० जीएसएमचा आर्ट पेपर असेल तर सोळाचा फर्मा करू देऊ नका, तिसऱ्या घडीला डोक्याकडे चुण्या पडतात, आठचाच करा. आणि मध्ये पिन मारायची पुस्तिका असेल तर फर्म्याचं गणित वेगळं: चौसष्ट पानांत आतली पानं दीड मिलीमीटरच्या आसपास बाहेर सरकतात, तेव्हा बाहेरचा समास आधीच वाढवून ठेवा.