पगारवाढ नाकारू का?

"मॅडम, प्रमोशन नको म्हणून सांगितलं तर कंपनी राग धरेल का?"

मे महिन्यातली गोष्ट. चाकणला इंजिनिअर असलेले गृहस्थ, राहायला मोशीत. शेजारी पत्नी, मांडीवर पर्स घट्ट धरून. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) पगार वर्षाला 12.70 लाख, वाढून 13.20 होणार होता. "आत्ता टॅक्स शून्य आहे. वाढ घेतली की लागणार. मग कशाला घ्यायची?" त्यावर वहिनी फणकारल्या, "दूधवाला भाव वाढवताना यांना विचारतो का? शाळेने फी वाढवली, तेव्हा नाही म्हणालात?"

या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर असतं: घाबरू नका, जास्तीचा दर फक्त वरच्या रकमेवर लागतो. त्या दिवशी ते तोंडावर आलं होतं, पण आधी कागद ओढला.

2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स नाही. 75,000 ची प्रमाणित वजावट धरली की पगारदाराला 12.75 लाखांपर्यंत सूट. त्याच्या जरा पुढे गेलं, तर टॅक्स वरच्या रकमेइतकाच मर्यादित राहतो. वाढीनंतर यांचं करपात्र उत्पन्न 12.45 लाख, म्हणजे टॅक्स 45,000. त्यावर 4 टक्के सेस, एकूण 46,800. पन्नास हजारांच्या वाढीतले हातात 3,200!

गृहस्थांनी बायकोकडे असं पाहिलं की विचारू नका. आणि खरंच, साधारण 13.46 लाखांपर्यंतच्या त्या अरुंद पट्ट्यात त्यांची भीती रास्त होती.

पण पुढची वाढ टक्क्यांत मिळते आणि ती नव्या पगारावर मोजतात. पट्टा ओलांडला की वरच्या शंभरातले 15 रुपये 60 पैसेच जातात. शिवाय वाढीतले 45,000 कंपनीने तिच्या वाट्याचे म्हणून एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, भरले, तर करपात्र उत्पन्न बरोबर 12 लाखांवर येतं, टॅक्स शून्य. मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंत ही सवलत नव्या प्रणालीतही आहे. पैसा मात्र बरीच वर्षं अडकतो, हेही सांगितलं. वहिनींना ते फारसं रुचलं नाही.

गृहस्थांनी तिथूनच एचआरला फोन लावला. सोय होती, पण पर्याय एप्रिलमध्येच निवडायचा. म्हणजे यंदा 3,200 च.

"घ्या," वहिनी म्हणाल्या. त्यांनी वाढ घेतली.