वाचकांचे प्रश्न : झेन शिबिराचा पहिला दिवस

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी ७ ते संध्याकाळी ५ असं झेन ध्यानाचं शिबिर आहे. माझं वय ५८, गुडघे कुरकुरतात, मधुमेहाची गोळी चालू आहे. दिवसभर मांडी घालून बसणं झेपेल का? (कोथरूड)

उत्तर : झेपेल, फक्त मांडीचा हट्ट नको. दिवसभर म्हणजे सलग नव्हे. साधारण २५ ते ४० मिनिटांच्या सहा-आठ बैठका असतात. झेन या जपानी बौद्ध परंपरेत या बसून करायच्या ध्यानाला झाझेन म्हणतात. दोन बैठकांच्या मध्ये ५ ते १० मिनिटं चालत ध्यान करायचं, ते किनहिन.

जमिनीवर बसून जेवण्याची सवय असली की बैठकीची चिंता वाटत नाही. पण पंगतीत बसलेला माणूस सारखा हलत असतो, पाठीला पोक काढतो, गुडघा वर घेतो. झाझेनमध्ये हे काहीच करायचं नसतं. सपाट सतरंजीवर बसलं की कमरेचं हाड मागे कलतं, पाठ गोल होते आणि वीस मिनिटांत दोन खांद्यांच्या मधोमध कळ येते. आपण पाठीला दोष देतो, कमी पडलेली असते ती बुडाखालची उंची.

म्हणून झाफू, म्हणजे घट्ट भरलेली गोल उशी. व्यास ३५ सेंटिमीटरच्या आसपास, उंची १५ ते २०. तिच्याखाली झाबुतोन नावाची पातळ चौकोनी गादी, गुडघे आणि घोटे फरशीला लागू नयेत म्हणून. शिबिरात बहुधा दोन्ही मिळतात, पण सरावासाठी गादीवाल्याकडून उशी शिवून घ्यायला हरकत नाही. शेवरीचा कापूस ठासून भरायला सांगा. फोम नको. तो वजनाने दबतो, डगमगतो आणि अर्ध्या बैठकीत तुम्ही पुन्हा जमिनीवर आलेले असता.

उशीच्या पुढच्या अर्ध्या भागावरच बसा. दोन्ही गुडघे आणि बूड असा तीन ठिकाणी भार टेकला पाहिजे. गुडघे अधांतरी राहिले तर उंची वाढवा. एकच राहिला तर त्याखाली पंच्याची घडी सरकवा, जोर लावून दाबू नका. पद्मासनाची गरज नाही. दोन्ही पाय एकापुढे एक जमिनीवर ठेवून बसणंही पूर्णपणे मान्य आहे. वज्रासन सोपं जात असेल तर तीच उशी उभी करून दोन पायांच्या मध्ये घ्या, म्हणजे गुडघ्यांवरचा ताण बराच उतरतो.

तुमच्या बाबतीत मात्र आम्ही सरळ खुर्ची सुचवू. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते आणि मग पाय किती दाबला गेलाय ते कळत नाही. खुर्चीच्या पुढच्या भागावर बसा, पाठ टेकू नका, दोन्ही तळवे जमिनीवर सपाट ठेवा. पाय पोचत नसतील तर खाली पाट घ्या. गोळी आणि जेवणाची वेळ संयोजकांना आधी सांगा, ती मोडू नका.

दुखणं ओळखता आलं पाहिजे. मांडीत दुखतंय, पायाला मुंग्या आल्यात, हे बहुतेकांना होतं. शिरेवर दाब पडल्यामुळे ते होतं आणि पाय मोकळा केला की जातं. गुडघ्याच्या आत सुईसारखी कळ आली तर ते सोसायचं नाही. खुब्यात न वळलेला पाय गुडघ्यात पिळला जातोय, असा त्याचा अर्थ. हात जोडून अलगद बैठक बदला. आणि बधिर पायावर एकदम उठू नका. घंटा झाली की बोटं हलवा, पोटरी चोळा, संवेदना परत येऊ द्या. पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त घोटे मुरगळतात ते इथेच.

प्रश्न : इगतपुरीला विपश्यनेचा दहा दिवसांचा कोर्स केला आहे. झेनमध्ये वेगळं काय? (सदाशिव पेठ)

उत्तर : डोळे उघडे! अर्धवट मिटलेली नजर समोर साधारण मीटरभर अंतरावर जमिनीकडे सोडायची. सोतो आणि रिन्झाई या झेनच्या दोन मुख्य शाखा. सोतो परंपरेत तोंड भिंतीकडे असतं, रिन्झाईमध्ये खोलीच्या मध्याकडे. डोळे मिटले की झोप आणि स्वप्नवत चित्रं लवकर येतात, म्हणून ही पद्धत. विपश्यनेसारखं शरीरभर संवेदना पाहत फिरणं इथे नाही. नवख्याला बहुधा श्वास मोजायला सांगतात: उच्छ्वासाबरोबर एक, पुढच्याला दोन, असं दहापर्यंत, मग पुन्हा एक. विपश्यनेची सवय असणाऱ्यांचं लक्ष आपोआप नाकपुड्यांशी जातं. त्या दिवसापुरतं ते बेंबीखाली आणा. दोन पद्धती एकाच बैठकीत मिसळल्या की दोन्ही धड होत नाहीत.

प्रश्न : माझं मन दोन मिनिटंही शांत राहत नाही. शिवाय डुलकी लागली तर काठी मारतात म्हणे. (हिंजवडी)

उत्तर : मन शांत असणं ही प्रवेशाची अट नाही. चारवर आकडा हरवेल, कधी सतरावर पोचल्यावर लक्षात येईल. दोन्ही वेळा काम एकच, एकपासून सुरुवात. ती ‘एक’कडे परत येण्याची क्रिया हाच सराव आहे, त्यात नापास होण्यासारखं काही नाही. चूक होते ती श्वास ओढूनताणून लांबवण्यात. त्याने छाती भरून येते आणि घुसमटल्यासारखं वाटतं.

हातांकडे लक्ष ठेवा. उजव्या तळव्यावर डावा तळवा, अंगठ्यांची टोकं जेमतेम टेकलेली, ओटीपोटाशी अंडाकृती पोकळी. अंगठे खाली पडले तर डुलकी येतेय, वर टोकदार झाले तर तुम्ही ताणलेले आहात.

काठी, म्हणजे क्योसाकू, चपटी लाकडी पट्टी असते. मान आणि खांदा यांमधल्या मांसल भागावर ती देतात. अनेक ठिकाणी साधकाने हात जोडून मागितली तरच देतात, काही ठिकाणी ही प्रथा आता नाही. ती शिक्षा नव्हे. आधी विचारून घ्या.

झोपेचं खरं कारण दुपारचं जेवण. अर्धपोटी जेवा. चहाची सवय असेल तर त्याच दिवशी सोडू नका, अकराच्या सुमारास डोकं दुखायला लागतं.

प्रश्न : कपडे कोणते? घंटेचा अर्थ काय? उशीर झाला तर? (औंध)

उत्तर : गडद रंगाचे, सैल, सुती कपडे. जीन्स नको, गुडघ्यामागे शिवण रुतते. सळसळणारी नायलॉनची पँट, बांगड्या, अत्तर, गजरा, टिकटिकणारं घड्याळ घरी ठेवा. हिवाळ्यात सकाळची फरशी बर्फासारखी असते, मांडीवर घ्यायला शाल आणा.

सोतो पद्धतीत तीन टोल म्हणजे बैठक सुरू, दोन म्हणजे किनहिन, एक म्हणजे समाप्ती. किनहिनमध्ये सोतोवाले एका श्वासाला अर्धं पाऊल टाकतात, रिन्झाईवाले भरभर चालतात. पुढच्या माणसाशी अंतर राखा आणि शौचाला जायचं तर याच वेळी. उशीर झाला तर बैठक मोडून आत शिरू नका, दाराबाहेर थांबा.

प्रश्न : मी वारकरी घरातली. बुद्धमूर्तीपुढे वाकावं लागेल का? (हडपसर)

उत्तर : बऱ्याच ठिकाणी सक्ती नसते, हात जोडून उभं राहिलं तरी चालतं. कोडाईकनालजवळच्या पेरुमलमलईचं बोधी झेंडो हे केंद्र तर एका जेसुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी, अमा सामी यांनी उभं केलं. ‘झेन’ हा शब्दही आपल्याच ‘ध्यान’वरून आलेला आहे, चिनी ‘चान’मार्गे जपानात गेलेला.

प्रश्न : आधी तयारी किती दिवस करावी? (चिंचवड)

उत्तर : दोन आठवडे पुरतात. पहिल्या आठवड्यात रोज १५ मिनिटं, दुसऱ्यात २५. आदल्या रविवारी २५ मिनिटांच्या दोन बैठका आणि मध्ये १० मिनिटं चालणं, असा पूर्ण प्रयोग करा. उशीची उंची चुकली असेल तर ती दुसऱ्या बैठकीत कळते, पहिल्या बैठकीत कळत नाही. आणि शिबिर सुटल्यावर लगेच गाडीला किक मारू नका. दहा मिनिटं चाला, पाणी प्या. दिवसभराच्या शांततेनंतर रस्त्यावरचे हॉर्न अंगावर येतात आणि पायही पूर्ण ताळ्यावर आलेले नसतात.