परस्परविरोधी माहिती असेल तर लॉजिकने निष्कर्ष काढता येतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की वेगवेगळ्या सोर्सकडून येणारी माहिती एकमेकींना खोडून काढते, मग लॉजिकवर चालणारी सिस्टीम कोलमडते, तर आर्ग्युमेंटेशन (बाजूने आणि विरुद्ध युक्तिवाद मांडून कोण टिकतं ते बघणं) वापरून हे सुटतं का. माझ्या अनुभवाने अर्धं सुटतं, आणि उरलेलं अर्धं तुमच्याच गळ्यात पडतं.

कोलमडते का, ते आधी बघा. 'लाइट चालू आहे' आणि 'लाइट चालू नाही' अशी दोन्ही वाक्यं डेटात आहेत. पहिलं खरं म्हणून 'लाइट चालू आहे किंवा चंद्र चौकोनी आहे' हेही खरं, कारण 'किंवा'च्या पुढे काहीही जोडता येतं. आता दुसरं वाक्य सांगतंय लाइट चालू नाही, मग 'किंवा'मधलं उरलं काय? चंद्र चौकोनी. म्हणजे एका कोपऱ्यातल्या भांडणाने अख्खा डेटाबेस वाटेल ते सिद्ध करायला लागतो.

यावर बेनार आणि हंटर या संशोधकांनी २००१ मध्ये जी मांडणी केली ती मला सगळ्यात सरळ वाटते. युक्तिवाद म्हणजे एक जोडी, आधार आणि निष्कर्ष. आधारातली वाक्यं आपसात भांडणारी नकोत, त्यांच्यातून निष्कर्ष निघायला हवा, आणि एकही वाक्य फालतू नको, म्हणजे कुठलंही एक काढलं तर निष्कर्ष निघू नये. बस. चौकोनी चंद्र इथेच बाद होतो कारण त्याला दोन्ही लाइटवाली वाक्यं लागतात आणि ती एकत्र आधारात बसूच शकत नाहीत. मग एक युक्तिवाद दुसऱ्यावर हल्ला करतो, कधी निष्कर्षालाच उलट म्हणून, कधी पायातलं एखादं वाक्य काढून घेऊन. कोण टिकलं हे ठरवायचे नियम डंग या संशोधकाच्या १९९५ च्या पेपरमधून येतात, त्यात युक्तिवाद म्हणजे नुसते ठिपके आणि हल्ले म्हणजे बाण.

आता मी कुठे आपटलो ते सांगतो. समजा सात वाक्यं आहेत. लॉग म्हणतो पंप चालू आहे. पंप चालू असेल तर पाइपमध्ये प्रेशर असतं. गेज शून्य दाखवतोय. गेज ठीक आहे. गेज ठीक असून शून्य दाखवत असेल तर प्रेशर नाही. मेंटेनन्सची नोंद म्हणते काटा अडकलाय. आणि काटा अडकला असेल तर गेज ठीक नाही. पहिल्या दोनांवरून प्रेशर आहे, पुढच्या तिनांवरून प्रेशर नाही, आणि शेवटच्या दोनांनी त्या तिनांचा पायच काढला. मला वाटलं झालं, पंपवाला जिंकला, चहा घेऊ.

पण क्लासिकल लॉजिकमध्ये 'तर' उलटाही फिरतो ना! गेज ठीक आहे, आणि काटा अडकला तर गेज ठीक नसतो, म्हणजे काटा अडकलेलाच नाही. हाही एकदम कायदेशीर युक्तिवाद, आणि तो मेंटेनन्सच्या नोंदीवर उलटा हल्ला करतो. कोणीच जिंकत नाही. मी दोन दिवस कोडमध्ये बग शोधत होतो, बग नव्हताच. न्याय या जुन्या भारतीय तर्कशास्त्रात बरोबरीचा उलटा हेतू (म्हणजे कारण) समोर उभा राहिला की त्याला सत्प्रतिपक्ष म्हणतात, अगदी तीच गत.

आणि हे एका उदाहरणापुरतं नाही. कॅरोल यांनी १९९५ मध्येच दाखवलं होतं की हल्ला म्हणजे समोरच्याच्या आधारातलं एखादं वाक्य खोटं ठरवणं असं धरलं, तर डंगचे स्टेबल गट (आत भांडण नाही आणि बाहेरच्या प्रत्येकावर हल्ला) आणि डेटाचे शक्य तितके मोठे सुसंगत तुकडे (ज्यांत उरलेलं कुठलंही वाक्य टाकलं की भांडण होतं) हे एकास एक जुळतात. म्हणजे एवढा बाणांचा खटाटोप करून हातात येतं तेच जे नुसतं 'गरजेपेक्षा एकही वाक्य जास्त न वगळता भांडण कसं मिटेल' विचारून आलं असतं. वरच्या सात वाक्यांचे असे ९ तुकडे पडतात. एकात फक्त 'गेज ठीक आहे' वगळलंय, बाकी आठांत दोन-दोन वाक्यं वगळली आहेत. 'प्रेशर आहे' हे काही तुकड्यांतून निघतं, काहींतून नाही, म्हणून सावध उत्तर, म्हणजे सगळ्या तुकड्यांना मान्य असलेलं, काहीच नाही.

हे फोडायचं तर प्राधान्य लागतं. 'गेज ठीक आहे' हे कोणी बघून सांगितलेलं नाही, आपण गृहीत धरलंय, तेव्हा त्याला सगळ्यात खालचा दर्जा द्या. बाकी सहा आपसात भांडत नाहीत, ती आत येतात, सातवं बाहेर राहतं, आणि प्रेशर आहे हे उत्तर मिळतं. लॉजिकने हे ठरवलं नाही, तुम्ही ठरवलंत.

मग आर्ग्युमेंटेशन घ्यायचं कशाला? कारण सांगता यावं म्हणून. नऊ तुकड्यांची यादी समोर टाकली तर कोणी वाचणार नाही, पण 'गेजवर विश्वास नाही कारण काटा अडकल्याची नोंद आहे' हे कोणालाही कळतं, आणि त्याला ते पटलं नाही तर नेमकं कुठल्या वाक्यावर बोट ठेवायचं तेही कळतं.

वेळखाऊ मात्र आहे. प्रत्येक आधार सुसंगत आहे का, त्यातून निष्कर्ष निघतो का, दोन्ही तपासायला सॅट सॉल्व्हर (वाक्यं एकत्र खरी असू शकतात का ते शोधणारा प्रोग्रॅम) पुन्हा पुन्हा पळवावा लागतो, म्हणून सगळे युक्तिवाद आधीच बनवून ठेवू नका, ज्या प्रश्नाचं उत्तर हवंय त्याच्यापासून मागे जा. आणि प्रत्येक वाक्यासोबत ते मोजलेलं, ऐकलेलं की गृहीत धरलेलं हे पहिल्या दिवसापासून साठवा, मी ते नंतर हाताने भरत बसलो होतो.