प्राण्यांवर चाचणी न केलेली आणि नाजूक त्वचेला सोसणारी प्रसाधनं सांगलीत कशी निवडायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: त्वचा नाजूक आहे, फेसवॉशनं चेहरा ओढल्यासारखा होतो, क्रीम लावली की गालांवर आग होते आणि लाली येते. शिवाय सशा-उंदरांचे हाल करून बनलेली वस्तू घरात नको. सांगलीतल्या दुकानात उभं राहून हे ओळखायचं कसं?

यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. प्राण्यांवर चाचणी झाली आहे का, आत प्राण्यापासून काढलेलं काही आहे का, आणि तुमच्या त्वचेला ते सोसेल का. एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. डव्हला २०१८ साली पेटा या प्राणीहक्क संस्थेची ‘प्राण्यांवर चाचणी नाही’ अशी मान्यता मिळाली, पण नेहमीच्या डव्ह वडीत सुगंध असतोच. ज्यांना सुगंधानंच आग होते, त्यांना त्या मान्यतेचा उपयोग नाही. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी त्वचा, मग ससा. त्वचेला नको ते घटक वगळले की फळीवरच्या पन्नास ट्यूबांतून चार-पाच उरतात, आणि तेवढ्यांचीच चौकशी करणं सोपं जातं.

खोक्याची मागची बाजू वाचायला शिका. अक्षर इतकं बारीक असतं की मोबाइलनं फोटो काढून मोठा करूनच वाचावं लागतं. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात, त्याखालचे कुठल्याही क्रमानं. त्रास देणारे बहुतेक घटक या शेपटात असतात, म्हणून यादी खालून वर वाचा. फ्रॅग्रन्स, परफ्यूम किंवा पर्फम यांपैकी काहीही दिसलं तर ट्यूब परत ठेवा. लिनालूल, लिमोनीन, जेरानिऑल, सिट्रोनेलॉल ही सुगंधाचीच नावं. टिकवण्यासाठी घातलेल्या रसायनांपैकी मिथाइलआयसोथायाझोलिनोन आणि डीएमडीएम हायडँटोइन ही दोन टाळा. फेसवॉशमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट वरच्या तीन-चार नावांत असेल तर चेहरा ओढला जाणारच. नावात ‘लॉरेथ’ असेल तर तो वेगळा आणि थोडा सौम्य पदार्थ आहे, पण तुमच्या चेहऱ्याला तोही रोज नको.

‘अनसेंटेड’ या शब्दावर विसंबू नका. मूळ वास झाकण्यासाठी त्यात दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. ‘फ्रॅग्रन्स फ्री’ लिहिलेलं बघा आणि तरीही यादी वाचा. ‘हायपोॲलर्जेनिक’ आणि ‘डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड’ या शब्दांमागे कुठलीही ठरलेली कसोटी नाही.

नैसर्गिक म्हणजे सौम्य, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे आणि नाजूक त्वचेचं तिनं बरंच नुकसान केलंय. टी ट्री, लॅव्हेंडर, पुदिना यांची अर्कतेलं झाडातूनच येतात, पण त्यांची ॲलर्जी व्हायला वेळ लागत नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काळे डाग पडतात, कधी फोडही येतात, कारण लिंबातली काही द्रव्यं उन्हात त्वचा भाजतात. हळदीबद्दल सांगलीत काही बोलणं म्हणजे धाडसच, तरी सांगते: काही जणांना हळदीची खरीखुरी ॲलर्जी असते, आणि कुंकवाचीही. दिवाळीच्या उटण्यात कचोरा, नागरमोथा, आंबेहळद, गुलाबपाकळ्या असं सुवासिक मिश्रण असतं आणि ते भरड चोळायचं असतं. ज्या गालांवर आधीच लाली आहे त्यांना ते झेपत नाही. उटणं हातापायांना लावा, चेहरा सोडा.

आता सशाकडे येऊ. भारतात प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ साली बंदी आली आणि त्याच वर्षी अशी चाचणी केलेली प्रसाधनं आयात करण्यावरही. युरोपीय संघानं अशा वस्तूंची विक्री २०१३ मध्ये थांबवली होती. म्हणजे इथे बनलेल्या क्रीमवर ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ असं लिहिलं असेल, तर कंपनीनं कायदा पाळल्याचंच सांगितलंय. खरी शंका उरते ती पुढच्या कडीत: कच्चा माल पुरवणाऱ्यानं दुसऱ्या देशात चाचणी केली का, आणि हीच कंपनी इतर देशांत काय करते. चीनमध्ये आयात केलेल्या साध्या प्रसाधनांना २०२१ पर्यंत प्राण्यांवरची चाचणी सक्तीची होती. नंतर ती अटींवर सैल झाली, पण केसांचा रंग आणि सनस्क्रीन तिथे वेगळ्या, कडक गटात मोडतात.

या कडीची तपासणी करणारं चिन्ह म्हणजे लीपिंग बनी, उडी मारणारा ससा. त्यासाठी कंपनीला एक तारीख ठरवून त्यानंतर कुठेही चाचणी न करण्याचं बंधन घ्यावं लागतं, पुरवठादारांवर लक्ष ठेवावं लागतं आणि बाहेरच्या तपासणीला तयार राहावं लागतं. पेटाची यादी मुख्यतः कंपनीच्या लेखी हमीवर चालते. तीही कामाची आहे, फक्त दोन्हींचं वजन सारखं नाही. आणि कुठल्याही चित्रकारानं काढलेला ससा म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. दोन्ही संस्थांच्या याद्या मोबाइलवर शोधता येतात, त्यात नाव टाकून बघायला अर्धा मिनिट लागतो. नाव आलं तर ते त्या ब्रँडचं आहे की मालक कंपनीचं, हेही बघा. ब्रँड यादीत आणि मालक बाहेर, असं खूपदा असतं. अशा वेळी घ्यायचं की नाही हे तुमच्या मनाला विचारून ठरवा. मला स्वतःला असा ब्रँड चालतो, कारण त्याची विक्री वाढली तर मालकालाही हिशेब कळतो.

हिरवा ठिपका चाचणीबद्दल काही सांगत नाही, तो घटकांबद्दल असतो. प्राणिजन्य घटकांची नावं अशी: लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतलं, सेरा अल्बा म्हणजे मधमाशीचं मेण, सोडियम टॅलोएट म्हणजे चरबीचा साबण. लाल लिपस्टिकवर सीआय ७५४७० असेल तर तो रंग किड्यांपासून आलेला आहे, आणि सीआय ७५१७० ही चमक माशाच्या खवल्यांची. लॅनोलिन टाळायला तुमच्याकडे दोन कारणं आहेत, कारण काही नाजूक त्वचांना त्याची ॲलर्जीही होते. ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिड चरबीतूनही येतं आणि वनस्पती तेलातूनही. खोक्यावरून ते कळत नाही, कंपनीला ई-मेल करूनच विचारावं लागतं. शाकाहारी नावं शोधताना पुण्यातली ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही जुनी संस्था माहीत असावी, १९७४ पासून हेच काम करतेय. भारतीय ब्रँडपैकी प्लमची सगळी उत्पादनं प्राणिजन्य घटकांशिवायची आहेत, मात्र त्यातही सुगंधाची यादी वाचूनच घ्या.

ट्यूब घरी आली की लगेच चेहऱ्यावर लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर दिवसातून दोनदा लावा, असं सात दिवस, जमल्यास दहा. ती जागा धुऊ नका, घासू नका. काही मिनिटांतच चुरचुरलं आणि थांबलं, तर बहुधा त्वचेचा वरचा थर आधीच दुखावलेला आहे. दोन-तीन दिवसांनी खाज सुटून बारीक पुळ्या आल्या, तर ती ॲलर्जी, आणि ती वस्तू कायमची बंद. फेसवॉश मात्र असा लावून ठेवायचा नसतो, नाहीतर चांगल्या त्वचेलाही जळजळ होईल. तो नेहमीसारखा पाण्यानं फेसून त्याच जागेवर धुऊन बघा. एका वेळी एकच नवी वस्तू आणि दोन वस्तूंत दोन आठवड्यांचं अंतर. फेसवॉश, सीरम, क्रीम असा तिन्हींचा संच एकदम सुरू केला की दोषी कोण हे कधीच कळत नाही.

पुरळ जिथे उठलं तिथेच कारण असतं असंही नाही. पापण्यांची खाज नखांच्या पॉलिशची असू शकते, कारण तोच हात डोळ्यांवरून फिरतो. कपाळाच्या कडेची आणि मानेवरची लाली केसांच्या रंगातल्या पीपीडी या रसायनाची असू शकते. कपाळावर टिकलीच्या जागी पांढुरका डाग दिसला तर टिकली त्याच दिवशी बंद करा, तिच्या गोंदातलं एक रसायन त्वचेचा रंग घालवतं.

रोजचा क्रम छोटा ठेवा. साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कता मोजणारा आकडा, ९ ते १० असतो आणि बोअरच्या जड पाण्यात त्याचा साका त्वचेवर बसतो. त्याऐवजी साबण नसलेली, पीएच ५.५ च्या आसपासची धुण्याची वस्तू घ्या, आणि तीही रात्री एकदाच. सकाळी नुसतं पाणी पुरे. साताऱ्याकडे, वाईकडे थंडीत बंबाचं कढत पाणी चेहऱ्यावर घेतात. त्यानं त्वचेचं तेल निघून जातं आणि दुपारपर्यंत गाल तडतडतात. पाणी कोमटच हवं. टॉवेलनं टिपा आणि ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, ग्लिसरीन, सिरॅमाइड किंवा डायमेथिकोन असलेलं बिनसुगंधी मॉइश्चरायझर लावा. काहीच सोसत नसेल तर मेडिकलमधली साधी पांढरी पेट्रोलियम जेली बाजरीच्या दाण्याएवढी घेऊन ओल्या चेहऱ्यावर पसरा. ती खनिज तेलापासून बनते, आत सुगंध नाही, पाणी नाही. मुरुमांची त्वचा असेल तर मात्र गालांपुरतीच. सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइडचं बघा, चेहरा-मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. त्यापेक्षा कमी लावलं तर खोक्यावरचा एसपीएफचा आकडा खरा ठरत नाही.

दारातली कोरफड लावायची असेल तर एक काळजी घ्या. पान कापल्यावर सालीच्या आतून पिवळा चीक निघतो, खाज त्यानंच सुटते. पान उभं धरून पंधरा मिनिटं तो गळू द्या, साल जाड काढा, आतला पारदर्शक गर पाण्यानं धुऊन मगच लावा. उरलेला गर फ्रिजमध्ये एक दिवस, नंतर टाकून द्या. घरी केलेल्या पाणीदार वस्तूत बुरशी लगेच धरते.

खरेदी मारुती रोडवर करा किंवा साताऱ्यात पोवई नाक्यावर, बॅच क्रमांक, उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि वापरण्याची मुदत बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. परदेशी वस्तूवर आयातदाराचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक नसेल तर ती सोडा.

शेवटी एका गोष्टीबद्दल कळकळीनं सांगायचंय. मेडिकलमध्ये कुणी ‘ही लावा, चार दिवसांत चेहरा उजळेल’ म्हणून ट्यूब दिली, तर मागे क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव आहे का ते वाचा. ही स्टेरॉइडं आहेत. चेहरा उजळतो, त्वचा पातळ होते, आणि बंद केल्यावर पूर्वीपेक्षा दुप्पट लाल होते. तुम्ही आधीच अशी क्रीम महिनोन्‌महिने वापरत असाल तर एकदम थांबवू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडून कमी करत न्या. लाली दोन आठवड्यांत हटली नाही, पाणी सुटलं किंवा पापण्या सुजल्या, तरी तज्ज्ञाकडेच जा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. जाताना वापरात असलेल्या सगळ्या ट्यूबा, बाटल्या, केसांचा रंग, टिकलीचं पाकीटसुद्धा एका पिशवीत घालून न्या आणि पॅच टेस्टबद्दल विचारा. त्यात पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या लावून ४८ तासांनी काढतात आणि ९६ तासांनी पुन्हा बघतात, त्यामुळे सोमवारी लावली तर गुरुवार-शुक्रवारपर्यंत पाठ भिजवता येत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध मात्र प्राण्यांवरच्या चाचणीच्या कारणावरून टाळू नका. प्रसाधनांवरची ती बंदी औषधांना लागू नाही, आणि चिघळलेल्या त्वचेला उपचार हवाच.