ताप-खोकला आणि व्हिडिओ कॉलवरची तपासणी

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाला दोन दिवस ताप आणि खोकला होता, म्हणून आम्ही व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांचा सल्ला घेतला. त्यांनी तापाचे औषध सांगितले, प्रतिजैविक दिले नाही. सासूबाईंचे म्हणणे असे, की छातीला नळी न लावता केलेली तपासणी खरी नव्हे. त्यांचे चुकते आहे का?

उत्तर : तुमच्या सासूबाईंची शंका रास्त आहे. फुफ्फुसातला बारीक आवाज पडद्यावरून ऐकू येत नाही, कानाचा पडदा दिसत नाही, घशाचा स्राव तपासणीसाठी घेता येत नाही. मात्र लहान मुलांचे बहुतेक ताप-खोकले विषाणूंमुळे होतात आणि आपोआप बरे होतात. त्यांवर प्रतिजैविकाचा उपयोग नसतो, त्यामुळे ते न देण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. अशा कॉलमध्ये डॉक्टरांना मुख्यतः एवढेच ठरवायचे असते, की मूल घरी सांभाळता येईल की प्रत्यक्ष तपासायला हवे, आणि त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती पालकच देऊ शकतात.

त्यातली सर्वांत मोलाची माहिती श्वासाची. मूल शांत किंवा झोपलेले असताना त्याचा सदरा वर करा, उजेड समोरून येऊ द्या आणि फोन छाती व पोट दोन्ही दिसतील असा धरा. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास, असे पूर्ण 60 सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतील बाळात मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात 40 किंवा अधिक श्वास हे न्यूमोनियाची शंका घेण्याचे कारण ठरते. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल किंवा नाकपुड्या फुलत असतील, तर ते डॉक्टरांना पडद्यावरही दिसते, पण अशा वेळी कॉलची वाट न पाहता मुलाला थेट रुग्णालयात न्यावे.

तापाबद्दल सांगताना 'अंग गरम लागते' एवढे पुरत नाही. थर्मामीटरवरचा आकडा, तो काखेत मोजला की तोंडात, किती वाजता, आणि तापाचे औषध देऊन किती वेळ झाला होता, हे लिहून ठेवा. मुलाचे वजनही सांगा, कारण पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते. घरातली बाटली कॅमेऱ्यासमोर धरून तिच्यावरची मात्रा डॉक्टरांना वाचू द्या. थेंबांचे औषध सिरपपेक्षा बहुधा तीव्र असते आणि दोन्हींत गल्लत झाल्यास मात्रा कितीतरी पटींनी वाढू शकते. तापासाठी मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, आणि एक वर्षाच्या आतील बाळाला खोकल्यासाठी मध चाटवू नये.

तीन महिन्यांच्या आतील बाळाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 अंश फॅरनहाइट, ताप असला तरी ते वरवर कितीही हसरे दिसो, त्याची प्रत्यक्षच तपासणी व्हायला हवी. ओठ निळसर दिसणे, झटका येणे, मान ताठणे, मूल उठवूनही नीट जागे न होणे किंवा बराच वेळ लघवी न होणे, यांपैकी काहीही असल्यास तोच नियम.

कॉल संपण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारा : कोणते लक्षण दिसल्यास आणि किती वेळाने पुन्हा संपर्क करायचा? याचे स्पष्ट उत्तर न देता संपवलेला सल्ला मी अपुरा समजते.

प्रश्न : माझे वडील 74 वर्षांचे असून त्यांना कमी ऐकू येते. त्यांच्या खोकल्यासाठी असा कॉल करावा का?

उत्तर : साधा खोकला असेल तर करता येईल, परंतु तुम्ही स्वतः त्यांच्या शेजारी बसा आणि रोजच्या सर्व गोळ्या हाताशी ठेवा. वृद्धांत न्यूमोनिया होऊनही ताप फारसा चढत नाही. अचानक असंबद्ध बोलणे, जेवण टाळणे, अंथरुणातून न उठणे एवढीच लक्षणे दिसू शकतात आणि ती घरच्या माणसाच्याच आधी लक्षात येतात. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर असेल तर हात गरम करून, नखाला रंग नसताना आकडा पाहा. तो वारंवार 94 च्या खाली दिसला, धाप लागून वाक्य पूर्ण होत नसेल, छातीत दुखत असेल किंवा थुंकीत रक्त आले, तर लगेच रुग्णालय गाठा. खोकला दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळला असेल, तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी वडिलांना दवाखान्यात न्यावेच लागेल.