एकाच अल्बमचा बँड

प्रश्न : 'देअर शी गोज' हे गाणे आम्ही महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात वाजवले. ते मुळात ज्यांचे, त्या 'द लाज' या ब्रिटिश बँडचा एकच अल्बम आहे आणि तोही त्यांच्या गायकाला मान्य नव्हता, असे समजले. मग तो प्रसिद्ध कसा झाला?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. हा बँड लिव्हरपूलचा. नावातील 'ला' हे तेथील बोलीत मित्राला हाक मारण्याचे संबोधन, म्हणजे रंकाळ्यावर कानी पडणारे आपले 'भावा'च. १९८३ मध्ये माइक बॅजर यांनी बँड सुरू केला. पण १९८६ मध्ये ते बाहेर पडले आणि सूत्रे ली मॅव्हर्स या गायक-गीतकाराकडे आली. बेस गिटारवर जॉन पॉवर होते.

खरी गोष्ट ध्वनिमुद्रणाची आहे. 'गो! डिस्क्स' कंपनीशी करार झाल्यावर जॉन लेकी, माइक हेजेस असे एकामागून एक निर्माते आले, तीच ती गाणी पुन:पुन्हा मुद्रित झाली. परंतु साध्या टेपवर घरगुती मुद्रण करताना लाभलेला जिवंतपणा स्टुडिओत उतरत नाही, ही मॅव्हर्स यांची तक्रार कायम राहिली. एका जुन्या मिक्सिंग यंत्रावर 'साठच्या दशकातील अस्सल धूळ' नाही म्हणून त्यांनी ते नाकारले, अशी आख्यायिकाही सांगतात. (ती खरी नसली तरी त्यांना शोभते.) शेवटी, बँडने काम अर्धवट सोडल्यावर निर्माते स्टीव्ह लिलीव्हाइट यांनी हाती असलेल्या मुद्रणांतून १२ गाण्यांचा अल्बम पुरा केला आणि कंपनीने तो ऑक्टोबर १९९० मध्ये बाजारात आणला. मॅव्हर्स यांनी मुलाखतींतून त्याची उघड निंदा केली. त्याच सुमारास पुन्हा काढलेले 'देअर शी गोज' ब्रिटनच्या यादीत १३व्या क्रमांकापर्यंत गेले.

करवीर दरबारचे गायक अल्लादिया खाँ यांनी आपले गाणे तबकडीत बंदिस्त होऊ दिले नाही. मॅव्हर्स यांनी मात्र आधी करार केला होता, त्यामुळे नकाराचा अधिकार त्यांच्या हाती उरला नाही, असे मला वाटते. १९९१ च्या अखेरीस पॉवर यांनी बँड सोडला आणि 'कास्ट' हा नवा बँड उभारला. पुढे मॅव्हर्स अधूनमधून मंचावर दिसले, पण नवा अल्बम आला नाही.

२००८ च्या आवृत्तीत हेजेस यांच्याकडची नाकारलेली मुद्रणेही आहेत. आपल्या वादकांना दोन्ही ऐकवा. मॅव्हर्स यांचा हट्ट कितपत रास्त होता, ते तेच सांगतील.