आपण देव मानतो का, हे कसं ओळखायचं?

अनेक आशीर्वाद.

देव मानावा की न मानावा यापेक्षा आपण मानतो की नाही हेच कळत नाही, असं तू लिहिलंस. डोळे मिटून मनात शोधलं, तरी हाती काही लागलं नाही. लागणारही नाही. श्रद्धा पोटदुखीसारखी आत जाणवत नसते. उद्या पाऊस पडेल असं वाटतं का, असं कुणी विचारलं तर तू मनात डोकावणार नाहीस, आभाळाकडे बघशील. गॅरेथ इव्हान्स या तत्त्वज्ञाच्या 1982 साली निघालेल्या पुस्तकात हाच मुद्दा आहे: मला काय वाटतं याचं उत्तर बाहेर, त्या विषयाकडे बघूनच मिळतं.

देवाच्या बाबतीत घोळ होतो, कारण एका प्रश्नात बरेच प्रश्न गुंतलेले असतात. ते सुटे करून वहीत लिही. जगाला कर्ता आहे का? तो प्रार्थना ऐकतो का? ऐकून घडणारी गोष्ट बदलतो का? नवस फेडला नाही तर कोपतो का? प्रत्येकापुढे हो, नाही किंवा ठरत नाही, एवढंच लिही आणि तारीख घाल. पहिल्याला हो आणि शेवटच्याला ठाम नाही आलं, तर त्यात विसंगती काही नाही.

मग कारणं लिही, पण इथे फार जपून. स्वीडनमधल्या पेटर योहान्सन आणि लार्स हॉल या संशोधकांनी 2005 साली 120 जणांना चेहऱ्यांच्या फोटोंच्या जोड्या दाखवल्या आणि जास्त आवडलेला निवडायला सांगितला. काही वेळा हातचलाखीने न निवडलेला फोटो हातात देऊन विचारलं, हा का आवडला? बहुतेक वेळा अदलाबदल लक्षातच आली नाही. कारणं मात्र बिनदिक्कत मिळाली. एकाने कानातले आवडले म्हणून सांगितलं; त्याने मुळात निवडलेल्या चेहऱ्याला कानातले नव्हतेच. ही माणसं खोटं बोलत नव्हती. मन कारण जुळवून देतं आणि आपल्याला ते आठवल्यासारखं वाटतं.

म्हणून प्रत्येक कारणाला एकच प्रश्न विचार: हे उद्या खोटं ठरलं तर माझं उत्तर बदलेल का? बदलणार नसेल, तर ते कारण खोडून टाक. चारपैकी एखादंच उरेल, कधी एकही नाही. घाबरू नकोस. उत्तर चूक ठरलं असा त्याचा अर्थ नाही. ते कशावर उभं आहे हे अजून सापडायचं आहे, एवढंच.

एसटी घाटातल्या देवळापाशी आली की हात जोडले जातात, त्यावरूनही निकाल लावू नकोस. काचेचा सज्जा भक्कम आहे हे पुरतं ठाऊक असूनही त्यावर पाय लटपटतात. सवय आणि मत वेगळी असू शकतात, हे तत्त्वज्ञ तमार गेंडलर यांनी 2008 साली नेमकं याच उदाहरणाने दाखवलं.

आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे विचारवंत, याहून पुढे गेले होते. पाणी दिसलं, हे ज्ञान; मला पाणी दिसतंय हे कळणं, तो अनुव्यवसाय. पण ते खरं पाणी की मृगजळ, हे अनुव्यवसायातून ठरत नाही. जवळ जाऊन तहान भागली की ठरतं. तुझी वही अनुव्यवसायापर्यंतच नेईल: तू काय मानतोस हे कळेल, ते खरं आहे का हे नाही.

महिन्याने तेच प्रश्न नव्या पानावर लिही, जुनं पान न बघता. मग दोन्ही ताडून बघ. जिथे उत्तर फिरलं, तो प्रश्न तुझ्यासाठी खरोखर उघडा आहे. वाचन तिथूनच सुरू कर आणि दोन्ही बाजूंची कारणं मला लिहून पाठव.